‘कुक-ऑफ’ म्हणायचे, तर शेगडी कुठे होती?

यंदा गणेशोत्सवातल्या पाककला स्पर्धेचे काम आमच्या सोसायटीने एका व्यावसायिक संयोजकांकडे सोपवले आणि जिन्यापाशी ‘भव्य कुक-ऑफ’ असा फलक लागला. प्रवेशशुल्क ३०० रुपये होते. संयोजनाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या शब्दाबद्दल.

‘प्ले-ऑफ’मधला निर्णायक झुंजीचा अर्थ ‘कुक-ऑफ’मध्येही आहे, त्यामुळे स्पर्धकांनी एकाच जागी, ठरलेल्या वेळेत रांधावे, ही त्यातली रूढ अपेक्षा. १९४९ साली पिल्सबरी कंपनीने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात स्पर्धा भरवली, तेव्हा अंतिम फेरीतल्या १०० स्पर्धकांसाठी तिथेच शेगड्या मांडल्या होत्या. ‘बेक-ऑफ’ हे या स्पर्धेचे नाव पुढे कंपनीचे व्यापारचिन्ह झाले, म्हणूनच ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही मालिका अमेरिकेत ‘बेकिंग शो’ या नावाने दाखवतात. टेक्सासमधल्या टर्लिंग्वा या ओसाड गावी १९६७ साली चिली, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, कोणाचा सरस यावरून दोघांत लढत झाली आणि ती बरोबरीत सुटली. पण रस्सा शिजला तो तिथेच, सर्वांसमक्ष.

आमच्याकडे मात्र प्रत्येकाने घरून डबा आणायचा होता. मी सकाळी अकराला वाफवलेल्या पातोळ्या परीक्षकांपुढे गेल्या दुपारी चारला. तोवर हळदीच्या पानाचा वास टिकला होता, पण कडा वातड झाल्या होत्या. शेजारणीची कोथिंबीर वडी तर पार मऊ पडली. एका ताटातली अळूवडी कोणत्या दुकानातली, हे आम्हा काही जणींना पहिल्या घासातच ओळखता आले (परीक्षकांना आले नाही, आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले).

बाकी व्यवस्था चोख होती. ताटांवर नावांऐवजी क्रमांक होते, चव, मांडणी आणि नावीन्य यांचे गुण वेगवेगळे दिले गेले, आणि निकाल अर्ध्या तासात लागला. शेगड्यांचा विषय काढल्यावर ‘हॉलमधल्या वायरिंगला एवढा भार झेपणार नाही’ असे उत्तर मिळाले. ते खरेही असेल, पण फलक छापण्यापूर्वी हॉल पाहून गेलेल्या माणसांना ते ठाऊक असणारच.

पाककला स्पर्धेचे संयोजक म्हणून मी त्यांना पाचपैकी चार गुण देईन, कुक-ऑफचे संयोजक म्हणून एक. पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवायला हरकत नाही. मात्र फलकावरचा शब्द तरी बदलावा, किंवा अंतिम फेरीतल्या चौघांपुरत्या गॅसच्या शेगड्या अंगणात मांडाव्यात.