जुनी पिकअप घरच्या शेडमध्ये नव्याने बांधल्यानंतर : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून आलेला अनुभव

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. बागेतल्या शेडमध्ये २००८ सालची महिंद्रा बोलेरो पिकअप आम्ही पूर्ण उघडून पुन्हा बांधली, आणि त्यानंतर एक अख्खा पावसाळा, आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या मोसंबीची, सगळी वाहतूक व जवळपास पूर्ण उन्हाळा तिने पाहिला आहे. अशा कामांची वर्णने बहुधा गाडी रंगवून उभी राहिली की थांबतात, परंतु गाडीची खरी परीक्षा त्यानंतर, हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात, माल पडल्यावर सुरू होते. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली. गाडीच्या एका भागात केलेला बदल दुसऱ्याच कुठल्या तरी भागाकडून काही मागून घेतो, आणि ती मागणी गाडी रिकामी फिरवून कळत नाही. त्यामुळे पुढे प्रत्येक कामाबरोबर त्याने दुसरीकडे काय मागितले, हेही सांगणार आहे.

हीच गाडी निवडण्याचे कारण साधे होते. २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, डिझेलचा यांत्रिक पंप, संगणक नाही, आणि स्वतंत्र चेसीसवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली केबिन, त्यामुळे केबिन आणि हौदा उतरवून काम करता येते. सुटे भाग अंबड, जालना, गेवराई अशा कुठल्याही गावी मिळतात आणि जे मिळत नाहीत ते छत्रपती संभाजीनगरहून दुसऱ्या दिवशी येतात. जुनी गाडी घेताना इंजिनाच्या अवस्थेइतकेच महत्त्व मी या गोष्टीला देईन, कारण सुटा भाग अडला की उघडलेली गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये अडून राहते.

मराठवाड्यातल्या गाड्यांना गंज लागत नाही, असे सर्रास म्हटले जाते. कोकणातल्या गाडीशी तुलना केली तर ते बऱ्याच अंशी खरे आहे, मात्र शेतीमालाच्या गाडीला ते लागू पडत नाही. ही गाडी आधी खताच्या वाहतुकीला होती. फाटक्या पोत्यांतून सांडलेला युरिया हवेतली ओल ओढून घेतो. पोटॅश म्हणून आपण जे टाकतो ते पोटॅशियम क्लोराईड असते आणि पत्र्याला ते मिठासारखेच खाते. हौद्याचा तळ वरून ठीक दिसत होता, पण आडव्या पट्ट्यांच्या खाली, जिथे खत साचून राहिले होते, तिथे स्क्रू ड्रायव्हर सहज आरपार जात होता. केबिनचे खालचे कोपरे आणि दारांच्या तळाची अवस्था वेगळ्या कारणाने वाईट होती. काळ्या मातीचा चिखल मडगार्डात घट्ट बसतो, दिवाळीपर्यंत आतून ओला राहतो आणि दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोकेही बुजवतो. ती भोके मोकळी करण्याचे काम फुकटाचे आहे. या पावसाळ्यात दर आठवड्याला तारेने ती साफ केली, आणि दारे आतून कोरडी राहिली.

केबिनचा पत्रा पातळ असल्यामुळे तिथे नेहमीचे आर्क वेल्डिंग चालत नाही, पत्रा जळून भोक आणखी मोठे होते. सीओटू (वायूच्या आवरणात बारीक तारेने होणाऱ्या) वेल्डिंगवाल्याला शेडवर बोलावून थोड्या थोड्या अंतरावर टाके घेत ते काम करून घेतले. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडल्या होत्या, आणि चेसीसच्या वरच्या व खालच्या कडांना भोक पाडू दिले नाही की वेल्डिंग करू दिले नाही, कारण वाकण्याचा सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. हौद्याच्या तळासाठी मात्र बराच विचार करावा लागला. आमच्या भागात ३ मिलिमीटरचा चेकर्ड (उठावाची नक्षी असलेला) पत्रा टाकण्याची पद्धत आहे आणि तो दिसतोही दणकट. पण त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरते, म्हणजे सव्वाचार चौरस मीटरच्या तळाला शंभर किलोंहून अधिक. हे वजन रोज, रिकाम्या गाडीतही सोबत फिरते आणि कागदावरच्या भारक्षमतेतून तेवढाच माल कायमचा कमी होतो. आम्ही २ मिलिमीटरचा साधा पत्रा घेतला, खालच्या पट्ट्या जवळजवळ बसवल्या आणि फाळक्याजवळ (मागे उघडणाऱ्या झडपेजवळ), जिथे माल ओढताना घासतो, तिथेच जाड पट्टी दिली. तळ कुठेही दबलेला नाही. मोकळी मोसंबी भरताना खाली वाळलेले गवत अंथरावे लागते, ते चेकर्ड पत्र्यावरही लागलेच असते.

रंगाविषयी थोडक्यात. मे महिन्यात थिनर इतक्या लवकर उडतो की रंग पत्र्यावर पडेपर्यंत अर्धा सुकलेला असतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे रंगावर पांढरट झाक चढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी, वारा सुटण्यापूर्वी मारलेला रंग सर्वांत चांगला बसला. लांबीचा (पुट्टीचा) थर जाड देऊन खड्डे झाकण्यापेक्षा पत्रा ठोकून सरळ करावा आणि उघड्या लोखंडावर एपॉक्सी प्रायमर मारावा. हार्डनर मिसळून मारायच्या रंगाची वाफ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा साधा रुमाल बांधून भागत नाही, फिल्टरचा मास्क लागतोच. रंग आम्ही मूळचा पांढराच ठेवला, म्हणजे नोंदणी पुस्तकात बदल करण्याचे काम उरले नाही.

या सगळ्या कामात शिकण्यासारखे सर्वांत जास्त मागच्या पाट्यांत, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांत, होते. जुने पाटे दबून खाली बसले होते आणि माल भरला की हौदा टायरला टेकायला यायचा. सोपा उपाय म्हणजे एक-दोन पाटे वाढवणे. तो रस्त्यावरच्या निम्म्या पिकअपवर केलेला दिसतो. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते कमानवाले (पाटे दुरुस्त करणारे) चाचा आयुष्यभर हेच काम करत आलेले, आणि त्यांनी पहिल्यांदा विरोधच केला. “भाऊ, पाटा वाढवला म्हणून माल वाढत नसतो, निसत्या उड्या वाढतेत,” असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी खचलेले दोन पाटे बदलले, बाकीचे पुन्हा मूळ कमानीच्या वाकात आणले, बुश व शॅकलच्या (पाट्यांना चेसीसशी जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) पिना नव्या टाकल्या आणि पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्टही नवेच घेतले, कारण एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा पहिल्यासारखी पकड देत नाही. थोडे अंतर चालवल्यावर यू-बोल्ट परत आवळणे आवश्यक असते. ते राहिले तर पाट्यांचा गठ्ठा किंचित सरकत राहतो आणि मधला सेंटर बोल्ट तुटतो.

पाट्यांचा ब्रेकशी असलेला संबंध मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आमच्या गाडीत मागच्या ब्रेकच्या लाइनवर भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे आणि त्याची दांडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माल भरल्यावर गाडी मागे बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत हाच दाब कमी राहतो, त्यामुळे हलकी झालेली मागची चाके जाम होऊन गाडी आडवी होत नाही. पाटे कडक केले की तेवढ्याच मालाला गाडी कमी बसते, म्हणून व्हॉल्व्हला गाडी हलकी वाटते आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. पुढच्या ब्रेकवर सगळा भार येतो, ते तापतात आणि लायनर (ब्रेकचे घासले जाणारे अस्तर) लवकर संपतात. आपण दणकट पाटे टाकले एवढेच मालकाला माहीत असते, आणि लायनरचा दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. पाट्यांचे काम झाल्यावर या दांडीची जुळणी कंपनीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे करून घेतली. बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने उतरताना गाडी सरळ रेषेत थांबते आणि उतारानंतर पुढच्या चाकांना जळका वास येत नाही. संपूर्ण कामात सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच ठरली, आणि तिला मजुरी सोडून काहीच खर्च आला नाही.

ब्रेकबद्दलच आणखी एक बाब, जी दिव्यांच्या कामातून पुढे आली. डिझेल इंजिनात पेट्रोलप्रमाणे आपोआप निर्वात तयार होत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेकवर पायाचा जोर वाढवणाऱ्या भागासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो आणि या इंजिनात तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागेच, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. त्यामुळे अल्टरनेटरचा पट्टा तुटला तर चार्जिंग जाते, आणि बूस्टरमधला उरलेला निर्वात एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर संपला की ब्रेकचा पॅडलही दगडासारखा कडक होतो. जास्त दिवे लावायचे म्हणून मोठा अल्टरनेटर बसवावा, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता, पण त्यामागचा पंप आणि त्याला तेल पुरवणारी नळी लक्षात घेता तो मानला नाही. त्याऐवजी मूळ वायरिंगच सुधारले. ६०/५५ वॅटच्या दोन हॅलोजन बल्बना डिपरवर नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि तो सगळा जुन्या तारांतून व डॅशबोर्डच्या स्विचमधून जात असल्यामुळे बल्बपर्यंत पोहोचेतो व्होल्टेज गळते. रिले (थोड्या प्रवाहाने चालणारा स्विच) बसवून बॅटरीपासून थेट जाड तार, फ्यूजसह दिली, आणि तेच बल्ब स्पष्टपणे जास्त उजेड देऊ लागले. रात्री बागेत माल भरण्यासाठी हौद्यावर एक छोटा एलईडी दिवा लावला आहे, त्याचा भार नगण्य आहे. पट्टा आणि त्याचा ताण तपासणे आता आमच्या दर पंधरवड्याच्या कामात धरले जाते.

उन्हाळ्याची भीती आमच्याकडे साहजिक आहे. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांच्या घरात असतो. त्या भीतीपोटी इकडे अनेक ठिकाणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात, आणि ही गाडीही थर्मोस्टॅटशिवायच आमच्याकडे आली. इंजिन तापू नये म्हणून केलेला हा उपाय इंजिनाला कायम थंड ठेवतो. डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, तेलात ओल साचते आणि सिलिंडरची झीज वाढते. गाडी तापण्याचे खरे कारण निराळे होते. आमच्या बोअरचे पाणी काळ्या पाषाणातले, जड आहे. वर्षानुवर्षे तेच रेडिएटरमध्ये ओतल्याने नळ्यांत क्षाराचा थर जमला होता. रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्यामुळे वरची टाकी उघडून नळ्या सळईने साफ करता आल्या, प्लास्टिकच्या टाक्यांच्या रेडिएटरला हे जमले नसते. नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरले आणि झाकण नवे घेतले. झाकणाकडे कोणी लक्ष देत नाही, पण ०.९ बार दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे २० अंशांनी वर नेते. या उन्हाळ्यात भर दुपारी, भरल्या गाडीने शहागडपर्यंत जाताना काटा मधेच स्थिर राहिला. हिवाळ्यात सकाळी निघणारा पांढरा धूरही पूर्वीपेक्षा लवकर थांबत होता, आणि डिझेलमध्ये थोडी पण जाणवण्याजोगी बचत झाली आहे. तिचे श्रेय थर्मोस्टॅट व नोझलची (डिझेल फवारणाऱ्या भागाची) तपासणी यांत कसे वाटायचे, हे सांगणे कठीण आहे.

आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर बसवले होते. ते काढून मूळ मापाचे, पुरेशा भारक्षमतेचे टायर घेतले. मापाचा फरक किरकोळ वाटतो, परंतु उदाहरणार्थ २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टाकला, तर टायरचा व्यास ३० मिलिमीटरने, म्हणजे सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या पुढे असते, पहिल्या गिअरमध्ये भरली गाडी उचलताना क्लच जास्त घासतो आणि तेवढ्याच ब्रेकला थांबवण्याचे काम वाढते. चिखलात मोठ्या टायरचा उपयोग होतो, हे मान्य. आमच्या शेतरस्त्यावर मात्र मोठे टायर असतानाही पाऊस लागला की ट्रॅक्टरच बोलवावा लागत असे.

कायद्याची बाजू आधी पाहिली की खर्च वाचतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि पुढे लावलेल्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाईचे निर्देश दिले होते. आमच्या गाडीवरचे जड गार्ड उतरवले, आणि पुढच्या पाट्यांवरचे वजन कमी झाल्याने स्टिअरिंगही हलके झाले. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की तिचे पासिंग (योग्यता तपासणी) दरवर्षी करावे लागते, आणि १५ वर्षांवरील गाड्यांसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही हवी. जुनी गाडी स्वस्त पडते, असा हिशोब मांडणाऱ्यांनी ही रक्कम त्यात आधीच धरावी. परावर्तक पट्ट्या, ब्रेक आणि दिवे नीट असल्यामुळे आमचे पासिंग अडले नाही.

दुसऱ्या गिअरचे सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी कडी) अजून कुरकुरते. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचे ऑइल सील एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे, म्हणून ते काम मृगाच्या, म्हणजे जून-जुलैत फुललेल्या, मोसंबीची तोड संपल्यावर धरले आहे. तोपर्यंत दुसरा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबून काम चालवले जाते, आणि भरल्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून नवख्याला बसवत नाही.