लेकरांची सहा इंची खंजिरी : दिवेलागणीच्या प्रार्थनेला कोणती घ्यावी

यात्रेत, आठवडी बाजारात लेकरांसाठी तीन तऱ्हेच्या लहान खंजिऱ्या दिसतात. एक लाकडी कड्यावर बकरीचं कातडं मढवलेली, दुसरी लाकडी कड्यावरच प्लास्टिकचं पान बसवलेली, तिसरी सबंध प्लास्टिकची. चार ते सात वर्षांच्या लेकराला देवापुढे वाजवायला द्यायची असेल तर दुसरी घ्यावी. खेळण्याचा हिशेब वेगळा असतो. इथे पाहायचं ते एवढंच, की वाजवताना लेकराचा स्वतःचा शब्द ऐकू येतो का.

विदर्भात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराज डोळ्यांपुढे येतात. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, आणि त्यांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव पोचली. आजही मोठी माणसं सांजेला प्रार्थनेला बसली की मांडीवरचं लेकरू खंजिरीकडे हात करतं. त्याला मोठ्यांचीच नऊ इंची दिली तर मनगट लगेच वाकतं, अन् आठ जोड्या चकत्यांच्या खणखणाटात 'देवा, बाबाच्या पऱ्हाटीले पाऊस पाड, अन् कपिलीले लवकर बरं कर' हे मागणं बुडून जातं. लेकरू देवाशी असंच बोलतं, गायीचं नाव घेऊन, समोर माणूस बसल्यासारखं. ते घरच्यांना ऐकू आलं पाहिजे.

म्हणून माप असं धरावं : व्यास सहा इंच, कड्याची रुंदी दीड ते दोन इंच, चकत्यांच्या चार जोड्या. जास्त असतील तर एक सोडून एका जोडीत लोकरीचा धागा गुंडाळा, आवाज निम्म्यावर येतो. दुकानातच लेकराच्या हातात द्या. तीस अंक मोजेपर्यंत हात खाली आला नाही तर वजन बरोबर आहे.

घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. चकती चिकटली तर ती पितळेची नव्हे, पॉलिश केलेल्या पत्र्याची आहे. पावसाळ्यात तिला गंज चढतो आणि कड धारदार होते. मग कापसाचा बोळा कड्याच्या आतून फिरवा. तंतू अडकले तिथे खिळ्याचं टोक वर आलेलं असतं. ते ठोकून घ्या, वर पॉलिश पेपर मारा. चकत्यांच्या खाचेत लेकराची करंगळी शिरते का, हेही पाहा. शिरत असेल तर धरायच्या बाजूला सुती पट्टी गुंडाळावी, नाहीतर पहिल्याच दिवशी बोट चिमटतं आणि पोरगं पुन्हा खंजिरीला हात लावत नाही.

कातड्याच्या खंजिरीचा नाद गोड असतो, यात वाद नाही. पण श्रावणातल्या दमट हवेत पान ढिलं पडतं अन् आवाज भदभदा येतो. मग कोणीतरी ती चुलीवर शेकतं. एका बाजूला जास्त आच लागून कातडं वेडंवाकडं आकसतं, खिळ्यांपाशी तडकतं. शेकायचीच तर कोवळ्या उन्हात दहा मिनिटं धरावी. वैशाखात उलटं होतं. टिनाच्या छपराखाली टांगलेली खंजिरी वाळून इतकी ताणते की हात न लावता फाटते. वर उंदीर आहेतच. कोणी 'घोरपडीचं कातडं आहे, लय वाजते' म्हणाला तर तिथून उठावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित आहे.

प्लास्टिकच्या पानाला ऊन-पाऊस बाधत नाही. आवाज मात्र टणक येतो. आतल्या बाजूने मधोमध दोन इंचाचा कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावला की तो बराच मऊ होतो. सबंध प्लास्टिकची घेऊच नका. तिच्या खिळ्या महिन्या-दोन महिन्यांत सुटतात, आणि घरात रांगतं बाळ असेल तर चकती थेट त्याच्या तोंडात जाते.

आता वाजवण्याचं. दिवा लावताना खंजिरी मांडीवर पालथी असू द्या, हात जोडलेले. लेकराचं मागणं होऊ द्या, त्यात दुरुस्ती करू नका. 'पाऊस असा नाही मागत' म्हटलं की ते गप्प बसतं. भजन सुरू झालं की ओळीच्या पहिल्या शब्दावर एक थाप, एवढंच शिकवा. या वयात ठेका बसवायला गेलात तर लक्ष बोटांत अडकतं आणि तोंडचे शब्द थांबतात. तसं झालं तर चार दिवस नुसत्या टाळ्या वाजवू द्या. समईपासून लेकराला हातभर दूर बसवा, प्लास्टिकचं पान ज्योतीने लगेच वितळतं.

नंतर कापडी पिशवीत घालून, लेकराचा हात पोचेल अशा खुंटीला टांगा. सांजेला ती त्याने स्वतः काढून आणावी.