अँग्युलरचा राउटरटेस्टिंगहार्नेस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं ॲप्लिकेशन गोदामातल्या मालाच्या नोंदींचं आहे, अँग्युलर या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं. डावीकडे यादी, एका ओळीवर क्लिक केलं की उजवीकडे त्या नोंदीचं पान, आणि वर 'मागील', 'पुढील' ही दोन बटणं. आठ महिन्यांपूर्वी आमच्या टीममधल्या टेस्टरनं 'पुढील' दाबलं. यूआरएलमधला ४१ जाऊन ४२ आला, पण पडद्यावर माल ४१चाच. त्या पानाच्या युनिट टेस्ट (कोडचे छोटे भाग आपोआप तपासणाऱ्या) तेव्हा सगळ्या हिरव्या, म्हणजे पास होत्या. मीच लिहिलेल्या, म्हणून मला ते फार लागलं.

झालं होतं असं: यूआरएलमधला फक्त पॅरामीटर (इथे आयडी) बदलला तर अँग्युलरचा राउटर, म्हणजे यूआरएलप्रमाणे पान दाखवणारा भाग, त्या पानाचा कंपोनंट नव्यानं बनवत नाही, आहे तोच ठेवतो. त्यामुळे कंपोनंट तयार होताना एकदाच चालणारं एनजीऑनइनिट दुसऱ्यांदा चालत नाही, आणि आम्ही आयडी नेमका तिथेच, स्नॅपशॉटमधून (यूआरएलच्या माहितीच्या त्या क्षणीच्या प्रतीतून) एकदाच वाचत होतो. टेस्टमध्ये तर खरा राउटर नव्हताच. चालू यूआरएलची माहिती देणाऱ्या ॲक्टिव्हेटेडराऊटच्या जागी हातानं बनवलेला ऑब्जेक्ट, त्यात आयडी ४१, आणि दर टेस्टला कोरा कंपोनंट. ४१वरून ४२वर जाणं कुठल्याच टेस्टमध्ये घडत नव्हतं, मग चूक पकडणार कोण?

राउटरटेस्टिंगहार्नेस (टेस्टमध्ये खरा राउटर चालवण्याचं साधन) अँग्युलर १५.२मध्ये, म्हणजे २०२३ साली आला. आम्ही उशिरा त्याच्याकडे वळलो. वापर अगदी साधा आहे. टेस्टबेडमध्ये (अँग्युलरच्या टेस्टची मांडणी करायची जागा) प्रोव्हाइडराउटर देऊन हवे तेवढेच राऊट, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठला कंपोनंट हे, मांडायचे, हार्नेस तयार करायचा आणि नॅव्हिगेटबाययूआरएलला पत्ता द्यायचा. खरा राउटर खऱ्या आउटलेटमध्ये (पान जिथे दिसतं त्या जागेत) कंपोनंट उभा करतो आणि तो आपल्या हातात देतो. मी लिहिलेली पहिली टेस्ट ४१वर जाऊन लगेच ४२वर जाणारी होती. दोन्ही वेळा हातात आलेला कंपोनंट एकच आहे, हे आधी तपासलं, मग शीर्षक तपासलं. टेस्ट लाल झाली. इतक्या दिवसांत लाल टेस्ट बघून पहिल्यांदा बरं वाटलं.

दुरुस्तीसाठी पॅरममॅपला स्विचमॅप जोडला, म्हणजे पॅरामीटर बदलला की दर वेळी नवी माहिती मागवली जाते. पुढे दोन महिन्यांनी आम्ही राउटरच्या विथकंपोनंटइनपुटबाइंडिंग या सोयीवर गेलो. आता आयडी थेट इनपुट म्हणून येतो आणि माहिती, इनपुट बदलला की चालणाऱ्या एनजीऑनचेंजेसमध्ये मागवली जाते. कंपोनंटचं आतलं काम बरंच बदललं, पण टेस्टबेडच्या मांडणीत एक ओळ वाढवण्यापलीकडे टेस्टला हात लावावा लागला नाही. जुन्या पद्धतीत ती सगळी फाइल नव्यानं लिहावी लागली असती. माझ्यासाठी हार्नेसची खरी किंमत इथे आहे.

गार्डच्या, म्हणजे पानावर जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या कोडच्या टेस्टमध्येही हाच अनुभव. नॅव्हिगेटबाययूआरएलला अपेक्षित कंपोनंटचा क्लासही देता येतो, आणि गार्डनं भलतीकडे पाठवलं तर टेस्ट तिथेच मोडते. लॉगिनकडे वळवणं हेच अपेक्षित असेल तेव्हा क्लास द्यायचा नाही, नंतर राउटरची यूआरएल बघायची.

अडचणीही आल्या. एका टेस्टमध्ये एकच हार्नेस चालतो, दुसरा बनवला की एरर. नॅव्हिगेशन संपल्यावर हार्नेस स्वतः डिटेक्टचेंजेस करतो (बदल पडद्यावर उतरवतो), पण सर्व्हरचं खोटं एचटीटीपी उत्तर आपण टेस्टमध्ये नंतर फ्लश केलं, म्हणजे पोचवलं, तर पुन्हा डिटेक्टचेंजेस आपल्यालाच करावं लागतं. यात आमच्या नव्या मुलाची अर्धी दुपार गेली. आणि 'पुढील'वर क्लिक केल्यावर नॅव्हिगेशन पूर्ण व्हायची वाट कोणी आपोआप बघत नाही. हार्नेसच्या फिक्स्चरवर (टेस्टमधल्या कंपोनंटभोवतीचं वेष्टन) व्हेनस्टेबलसाठी, म्हणजे सगळं काम स्थिरावेपर्यंत, थांबलो नाही, तर टेस्ट कधी पास, कधी फेल. अशा लहरी टेस्टवरचा टीमचा विश्वास उडायला वेळ लागत नाही, म्हणून कोड रिव्ह्यूमध्ये मी ही ओळ सर्वात आधी शोधते.

ॲपची सगळीच्या सगळी राऊट फाइल टेस्टमध्ये ओतू नका. आम्ही सुरुवातीला ओतली होती. मग प्रत्येक गार्डची सर्व्हिस आणि पानाआधी माहिती आणणारे रिझॉल्व्हरही पुरवत बसावं लागलं. आता पानापुरते दोन-तीन राऊट देतो. बटण, तक्ता, फिल्टर अशा राउटरशी संबंध नसलेल्या कंपोनंटना हार्नेस लावत नाही, तिथे साधं फिक्स्चर पुरतं.

राउटरच्या टेस्टचं जुनं साधन राउटरटेस्टिंगमॉड्यूल अँग्युलर १७पासून डेप्रिकेटेड (वापरू नये असं जाहीर केलेलं) आहे, तेही या निमित्तानं काढून टाकलं. हातानं बनवलेल्या ॲक्टिव्हेटेडराऊटच्या नऊ फाइल अजून उरल्या आहेत. ज्या पानावर काम निघेल, त्याची फाइल त्याच पुल रिक्वेस्टमध्ये बदलायची, असं आम्ही ठरवलं आहे. पुढचा नंबर पावतीच्या पानाचा, कारण त्यावरही 'मागील', 'पुढील' आहेत.