कॅरॅव्हॅनच्या पाहुण्यांकडून नियम पाळून घ्यायचे कसे? पाटी-डिपॉझिट की जागेवर राहणारा माणूस

गोव्यातल्या पेडणे, सत्तरी, काणकोण या भागांत आपल्या भाटात (माडांच्या बागेत) किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला चार-सहा कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, उभ्या राहतील अशी सोय करावी, असा विचार तुमच्या मनात असेल तर पंचायतीचा परवाना, पर्यटन खात्याकडची नोंदणी आणि विहिरीला मे महिन्यात पाणी किती उरतं, याची चौकशी तुम्ही केलेलीच असणार. पाहुणे उतरल्यावर त्यांच्याकडून नियम कोण पाळून घेणार, हे मात्र बहुतेक जण पहिली गाडी फाटकातून आत आल्यावर ठरवायला बसतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हॉटेलात दोन खोल्यांमध्ये विटांची भिंत असते. कॅरॅव्हॅनच्या तळावर एका कुटुंबाची चूल दुसऱ्याच्या उशाशी येते. पत्र्याच्या पातळ भिंतीतून बोलणं ऐकू जातं, आणि स्वयंपाक, आंघोळ, मुलांचं खेळणं, गप्पा, सगळं उघड्यावर चालतं. एका गाडीने पथ्य सोडलं की बाकीच्या पाचांची रात्र जाते. म्हणून नियम राबवण्याची पद्धत जमिनीच्या आखणीबरोबरच ठरवायला हवी.

पद्धती मुख्यतः दोन. पहिली कागदाची: मोठी पाटी, बुकिंगच्या वेळी अटी, आल्यावर सही, डिपॉझिट, कॅमेरे, फाटकावर वॉचमन. दुसरी माणसाची: जागेवरच राहणारा यजमान, जो गाडी लावायला मदत करतो, संध्याकाळी फेरी मारतो आणि वेळ आली की बोलतो.

दोन्ही पद्धती जिथे मुरलेल्या आहेत त्या अमेरिकेत त्यांची विभागणी स्पष्ट दिसते. तिथल्या खासगी आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशाच राहत्या गाड्यांच्या तळांवर, नियमांच्या कागदावर सही घेतात आणि नियम मोडल्यास पैसे परत न देता बाहेर काढण्याचा हक्क राखून ठेवतात. सरकारी कॅम्पग्राउंडवर पुष्कळ ठिकाणी ‘कॅम्प होस्ट’ असतो. बऱ्याचदा ते निवृत्त जोडपं असतं, स्वतःच्या आरव्हीत हंगामभर तिथेच राहतं आणि कामाच्या बदल्यात त्यांना जागा फुकट मिळते. राष्ट्रीय उद्यानांत साधारणपणे रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा मोठा आवाज चालत नाही आणि कुत्र्याचा पट्टा ६ फुटांपेक्षा लांब नको, हे तर तिथल्या केंद्र सरकारच्या नियमातच लिहिलेलं आहे. पण होस्टला दंड करण्याचा अधिकार नसतो. तो येऊन सांगतो, ऐकलं नाही तर रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या अधिकाऱ्याला, बोलावतो. सांगणारा वेगळा, शिक्षा करणारा वेगळा. आपल्याकडे तळ उभारताना सगळ्यात आधी उचलावी ती ही गोष्ट, कारण ज्याच्या हातात आपलं डिपॉझिट आहे त्याचं साधं बोलणंसुद्धा पाहुण्याला धमकीसारखं वाटतं.

आवाज

कायदा तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पाटीवर हे आकडे जरूर लिहा. पण ४५ डेसिबल म्हणजे किती, हे पाहुण्याला कळत नाही आणि वॉचमनलाही कळत नाही.

जनरेटरचा हिशेब करून बघा. चांगल्या प्रतीचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर पूर्ण भारावर सात मीटरवर साधारण ५७ डेसिबल धरा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १४ मीटरवर ५१ आणि २८ मीटरवर ४५. तुमच्या दोन गाड्यांमध्ये २८ मीटर अंतर असणार नाही. तेव्हा रात्री जनरेटर चालूच द्यायचा नाही, आणि तो लागूच नये म्हणून प्रत्येक जागेला १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण) आणि छोटा मीटर द्यायचा. एसी, गीझर आणि इंडक्शन एकदम लावलं तर एमसीबी पडेल, हे गाडी लावतानाच सांगून ठेवायचं. या एका खर्चाने जो वाद मिटतो तो पाटीनेही मिटत नाही आणि यजमानानेही नाही. जमिनीच्या आखणीतच बसवता येईल तो नियम तिथेच बसवून टाकावा.

स्पीकर आणि गप्पांचं तसं नाही, तिथे माणूसच लागतो. कागदाच्या पद्धतीत तक्रार आल्यावर, म्हणजे साडेदहा-अकराला, वॉचमन जातो. तोवर एक बाजू चिडलेली असते आणि दुसरी रंगात आलेली. यजमान पावणेदहालाच फेरी मारतो. “दादा, दहाला आवाज बंद करतो आम्ही इथे. पलीकडच्या घरात म्हातारी माणसं आहेत, पहाटे उठतात. बसायचं असेल तर खुशाल बसा, फक्त स्पीकर आत न्या.” दहाच्या आधी हेच वाक्य माहिती म्हणून ऐकलं जातं. दहानंतर त्याचा ओरडा होतो.

पाहुण्यांशी सभ्यता ही दुसऱ्या बाजूनेही आहे. पुण्या-मुंबईहून शांततेसाठी आलेल्या कुटुंबाला शिगम्याच्या रात्री ढोल-ताशे ऐकू आले, देवळाची जत्रा पहाटेपर्यंत चालली, तर तो गावाचा हक्क आहे. पण त्या तारखा बुकिंग घेतानाच सांगणं हे तुमचं काम. ज्याला नको असेल तो दुसरी तारीख घेईल, आणि ज्याला हवं असेल तो त्यासाठीच येईल.

डिपॉझिट आणि दंड

इथे कागदाची पद्धत दिसते तितकी भक्कम नाही. ‘नियम मोडल्यास ५,००० रुपये दंड’ अशी पाटी सर्रास दिसते. खासगी मालकाला दंड करण्याचा अधिकार नसतो, त्याला कराराप्रमाणे भरपाई मागता येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाईच, लिहिलेल्या आकड्यापर्यंत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड यांना अन्याय्य करारात धरलं आहे. तुटलेला नळ, हरवलेली चावी, जळालेली केबल यांचे पैसे कापता येतात, बिल दाखवता येतं. ‘रात्री मोठ्याने हसले’ याचं बिल कुठून आणणार?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उशीर कमी झाला नाही, उलट वाढला. आधी पालकांना बाईंचा वेळ घेतल्याचा संकोच वाटत असे. दंड आल्यावर त्याची फी झाली. दंड काढून टाकला तरी जुना संकोच परत आला नाही. कॅम्पवर हे नेमकं लागू पडतं. मोठ्या गाडीतून आलेल्या गटाला दोन हजार रुपये म्हणजे गोंधळाचं भाडं वाटतं. म्हणून डिपॉझिट वस्तूंसाठी ठेवा, वागणुकीसाठी नको.

ओळखपत्राच्या बाबतीतही सांभाळा. नोंद करा, मूळ कागद अडकवून ठेवू नका. पासपोर्ट तर कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता असतो. परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. हे काम कागदाचंच आहे आणि ते चोख व्हायला हवं, यजमान कितीही गोड बोलणारा असला तरी.

बाहेर काढायची वेळ आली तर

तुलना खरी इथे ठरते. हॉटेलातला पाहुणा बाहेर काढला तर तो टॅक्सी बोलावतो. कॅरॅव्हॅनचा पाहुणा स्वतःच चालक असतो. रात्री बारा वाजता प्यायलेल्या माणसाला “आत्ताच्या आत्ता गाडी काढ” म्हणणं म्हणजे साडेतीन टनांचं घर चोर्ला घाटात किंवा राष्ट्रीय महामार्ग ६६ वर सोडून देणं. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. त्याला त्या अवस्थेत रस्त्यावर ढकलल्याचं ओझं तुमच्या मनावर राहील ते वेगळंच.

१८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याप्रमाणे असा पाहुणा परवानाधारक ठरतो. परवानगी काढून घेता येते, पण निघायला आणि सामान हलवायला त्याला वाजवी वेळ द्यावा लागतो. म्हणून नियमपत्रिकेत स्पष्ट लिहा: ‘जागा रिकामी करायला सांगितल्यास सकाळी ८ पर्यंत निघावं. रात्री ८ नंतर कोणतीही गाडी हलवू दिली जाणार नाही.’ रात्रीपुरतं काय, तर किल्ली सोबतच्या न प्यायलेल्या माणसाकडे द्यायची विनंती, स्पीकर बंद, आणि मारामारीची चिन्हं दिसली की ११२ वर पोलिसांना फोन. सकाळी शुद्धीवर आलेला माणूस बहुधा स्वतःच ओशाळतो आणि मुकाट निघतो.

वॉचमनला हे जमत नाही असं नाही. पण त्याला काम काय दिलेलं असतं? फाटक. त्याला वाटतं गाडी फाटकाबाहेर गेली की आपली जबाबदारी संपली. जो यजमान दुपारी त्याच माणसाला गाडी मागे घ्यायला हात दाखवत होता, त्याला तसं वाटत नाही.

मात्र यजमानाला एकटं सोडू नका. बऱ्याच ठिकाणी ही जबाबदारी घरातल्या बाईवर किंवा वयस्कर जोडप्यावर येते. प्यायलेल्या पाचजणांसमोर त्यांनी एकट्याने उभं राहावं ही अपेक्षाच चूक आहे. शेजारच्या वाड्यावरचा एक माणूस दहा मिनिटांत येईल अशी व्यवस्था आधीच, मोबदला देऊन करून ठेवायला हवी.

आग, कचरा, पाणी

आगीला सूट नाही. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात वणवे पेटले तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन आली होती. काजूच्या वाळलेल्या पाल्यात पडलेली ठिणगी कुणाची, हे नंतर शोधून उपयोग नसतो. एकच सामाईक चुलवण बांधा, शेजारी पाण्याचा पिंप ठेवा, आणि ती पेटवणारा-विझवणारा यजमानच.

कचऱ्याला कागदाची पद्धत छान चालते, कारण तो मोजता येतो: दोन पिशव्या द्यायच्या, निघताना परत घ्यायच्या, काचेच्या बाटल्या वेगळ्या. उघड्यावर ठेवलेलं उष्टं रात्री रानडुकरं आणि सकाळी माकडं शोधून काढतात, हे मुलांना सांगितलं की ती आईबापांकडून पाळून घेतात. सांडपाणी मात्र डोळ्यांनी बघावंच लागतं. कुळागराच्या पाटात साबणाचं पाणी सोडलं तर ते थेट पोफळीच्या मुळाशी आणि खालच्या शेजाऱ्याकडे जातं. गाडीतल्या संडासाच्या कॅसेटमधलं (काढता येणाऱ्या टाकीतलं) फॉर्मल्डिहाइडचं औषध सेप्टिक टँकमधले जीवाणू मारतं. त्यामुळे कॅसेट कुठे रिकामी करायची ती जागा आल्याबरोबर हाताने दाखवायची.

समुद्रकाठी तळ असेल तर सरकारचा नियम तुमचं निम्मं काम करतो. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि दारू यांवर गोव्याच्या पर्यटनस्थळांच्या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने बंदी आली, आणि २०२५ मध्ये दंड ५ हजारांपासून १ लाखापर्यंत वाढवला गेला. हा दंड सरकारचा आहे, त्यामुळे तो सांगताना तुम्ही पाहुण्याच्या बाजूचे ठरता: “दादा, किनाऱ्यावर शेगडी लावू नका, उगीच पकडतील.” मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत कासवं अंडी घालायला येतात. त्या काळात किनाऱ्याकडे तोंड करून दिवे लावू द्यायचे नाहीत.

मग कोणती पद्धत घ्यावी

आठ गाड्यांपर्यंत जागा असेल तर जागेवर राहणारा माणूस हवाच. सोबत एका पानाची नियमपत्रिका पुरे, आणि ती पैसे घेण्याआधी पाठवलेली हवी. नियम आवडले नाहीत तर पाहुण्याला दुसरीकडे जाता आलं पाहिजे. किती माणसं झोपणार आणि भेटायला आलेल्यांनी किती वाजता निघायचं, हे त्या पानावर सगळ्यात वर लिहा. चौघांचं बुकिंग करून नऊजण उतरणं हे बाकीच्या भांडणांचं मूळ असतं. वीस गाड्यांच्या पुढे गेलात तर फाटक, कॅमेरा, रजिस्टर हे सगळं लागेल, पण तेव्हाही दर दहा-बारा गाड्यांमागे एक यजमान धरा. तुम्ही स्वतः पणजीत किंवा मुंबईत राहत असाल आणि शनिवारीच फेरी होणार असेल, तर माणूस मिळेपर्यंत तळ उघडू नका. फोनवरून कॅमेऱ्यात बघून नियम राबवता येत नाहीत.

माणसाच्या पद्धतीचा दोष मोठा आहे, तोही तोलून घ्या. यजमान ओळखीच्यांना सूट देतो. कधी पाहुण्यांबरोबर उर्राकाचा (काजूच्या दारूचा) ग्लास घेऊन बसतो, आणि मग त्याला दहाला उठून बोलता येत नाही. त्याहून वाईट घडतं ते मालकाकडून. यजमानाने एका गटाला थांबवलं, त्या गटाने मालकाला फोन केला, मालक म्हणाला, “जाऊ दे रे, पंचाच्या ओळखीचे आहेत.” त्या दिवसापासून त्या यजमानाचं कोणी ऐकत नाही, आणि तोही कोणाला काही सांगत नाही. पाहुण्याचा फोन आला तर उत्तर एकच ठेवा: तळावर यजमानाचा शब्द अखेरचा. चुकला असेल तर दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, त्याच्याशी बोला.

त्याची खोली फाटकाशी बांधू नका, तळाच्या मध्ये, न्हाणीघरांजवळ बांधा. पाणी, सांडपाणी, भांडी, रात्री उठलेली मुलं, सगळी ये-जा तिथूनच असते. ओसरी लोकांकडे तोंड करून असावी. पगार हंगामाचा ठरवा, गाड्यांच्या संख्येवर नको, नाहीतर नवव्या गाडीला तो स्वतःच जागा करून देईल.