‘रीबिल्ट’ स्टर्नड्राइव्ह घेताय? आधी तेल काढायला लावा

ऑनलाइन जाहिरात बघून जुना स्टर्नड्राइव्ह (बोटीच्या आतल्या इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्याला देणारा, बोटीच्या मागे लागणारा गिअरचा भाग) घ्यायचा विचार असेल, आणि तो स्वतःच बसवणार असाल, तर हे वाचून घ्या. माझे 85,000 रुपये यात अडकलेत.

आमची बोट रेवदंड्याच्या खाडीत असते. घरचीच, सहा माणसांची, मागे ‘अल्फा वन’ मॉडेलचा लेग, म्हणजे स्टर्नड्राइव्हच. पावसाळ्यासाठी वर ओढली तेव्हा जुना झालेला बेलो (पाणी आत येऊ न देणारी रबरी नळी) फाटलेला दिसला. खारं पाणी आत जाऊन शाफ्टचे यू-जॉइंट (वळणारे सांधे) गंजले होते, शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग खरखरत होतं आणि वरच्या गिअरचे दात उडाले होते. बेलो आणि बेअरिंग मी घरीच बदलतो. गिअर पुढे टाकायचा, सहा नट सोडायचे, लेग मागे ओढायचा. दोन माणसं पुरतात. पण नव्या गिअरसेटचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून अख्खा लेगच शोधायला लागलो.

मुंबईच्या दारूखान्यात, जहाजांच्या भंगारबाजारात विचारलं, जमेना. मग एक जाहिरात दिसली: ‘फुल्ली रीबिल्ट, सगळे सील नवीन, प्रेशर टेस्टेड.’ विक्रेता बोलायला एकदम गोड. “दादा, तुम्ही स्वतः काम करता, तुम्हाला मी काय सांगणार!” हे दर फोनला ठरलेलं. व्हिडिओत त्याने शाफ्ट हाताने फिरवून दाखवला, खालचा प्लग सैल करून तेलही दाखवलं. सोनेरी, स्वच्छ. आदल्या दिवशी भरलेलं तेल स्वच्छ असणारच!

लेग बसवला, बोट पाण्यात घातली, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी प्लग उघडला तर तेल दुधाळ. म्हणजे आत पाणी.

पंखा काढून त्यामागचं बेअरिंग कॅरिअर बाहेर ओढलं. सील जुनंच होतं, कडेने सिलिकॉन फासलेलं. ओ-रिंग टेकते तिथलं अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्याने खाल्लेलं. ते खड्डे एम-सीलने भरून, घासून, वर काळा रंग मारला होता. रंग नखाने निघाला. हाऊसिंगच असं खाल्लेलं असेल तर नवं सील घालूनही पाणी थांबत नाही. झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) मात्र कोरं करकरीत, फोटोत दिसतं ना!

फोन केला तर साहेबांचं उत्तर तयार: “दादा, बसवताना तुमच्याकडून सील फाटलं. मेकॅनिककडून बसवला असता तर मी जबाबदारी घेतली असती.” खरी मेख इथे आहे. लेग चढवताना पंख्याकडच्या त्या सीलला हातही लागत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण घरी काम करणारं गिऱ्हाईक म्हटलं की दोष ढकलायला जागा आयती मिळते. सुरुवातीची ती स्तुती त्यासाठीच होती, असं मला आता वाटतं.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जुना माल, जसा आहे तसा’. निम्मे पैसे यूपीआयने, निम्मे टेम्पोवाल्याच्या हाती रोख. रोखीचा पुरावा शून्य. जाहिरात त्याने लगेच उडवली. ‘प्रेशर टेस्टेड’चा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून ग्राहक आयोगात तक्रार तरी करता आली.

खरं तर तपासणी सोपी आहे. पैसे देण्याआधी सगळं तेल तुमच्यासमोर काढायला लावा. प्लगच्या चुंबकावर मऊ काळसर भुगा चालतो, चकचकीत कपची दिसली तर उठून या. रिकाम्या लेगमध्ये हातपंपाने 10-12 पीएसआय हवा भरा आणि शाफ्ट फिरवत अर्धा तास गेजवर नजर ठेवा. काटा उतरला तर सौदा संपला. त्याहून जास्त हवा भरायचा मोह नको, चांगलं सीलही उलटतं. पंख्याच्या शाफ्टवर खडूची खूण करून रेशोही मोजा, म्हणजे पंख्याच्या एका फेरीला इंजिनाकडचा शाफ्ट किती फेऱ्या फिरतो ते: चार सिलिंडरच्या इंजिनाला तो साधारण 2 च्या आसपास लागतो, व्ही-8 ला दीडच्या. आणि हे सगळं लेग बोटीला लागण्याआधी, विक्रेत्याच्या आवाजासकट व्हिडिओत आलं पाहिजे. तो “वेळ नाही” म्हणाला तर तुम्हालाही नाही.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत लेगचा एकही भाग वापरू नका, असं वकिलांनी बजावलंय. त्यामुळे त्यातला वरचा गिअरसेट ठणठणीत दिसत असूनही काढता येत नाही, आणि बोट या हंगामात वरच आहे.