जुन्या ट्रॅव्हलरची कॅम्पर, दिवाळी ते पोळा: वापरानंतरचा अनुभव

शेवटी ग्राइंडरनं नट कापून पायरी काढून टाकली. दार उघडलं की घर्रर्र करत बाहेर येणारी, खाली निळा लाइट असलेली विजेची पायरी. जुन्या मिनीबसची राहायची गाडी, म्हणजे कॅम्पर, करून देणाऱ्या नागपूरच्या बॉडीवाल्यानं गाडी ताब्यात देताना लिथियम बॅटरीवर दोन मिनिटं घालवली आणि या पायरीवर अर्धा तास.

गाडीची मूळ माहिती थोडक्यात. 3350 मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), शाळेच्या फेऱ्या मारून निवृत्त झालेली ट्रॅव्हलर मिनीबस; आत पोट्ट्यांसाठी दोन बंक, एक ओढायचा पलंग, 200 अँपिअर-अवरची बॅटरी, टपावर दोन पॅनल, 100 लिटर पाण्याची टाकी. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन पोट्टे आणि आई. आई सत्तरीच्या पुढची, उजवा गुडघा गेलेला, शुगर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्या गुडघ्याभोवती फिरतं. ज्यांच्या घरात सगळे तिशीचे आहेत त्यांनी पायरीचा भाग सोडून थेट कूलरवर जावं.

झालं असं, की पोळ्याला कारंज्याकडे सासुरवाडीला गेलो. बैलांची पूजा वावरातल्या कोठ्यात. आदल्या दिवशी पाऊस. पांदण रस्ता कसा झाला असेल हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. गाडी फसली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. फसली ती पायरी. काळी माती मोटरच्या आणि घडीच्या मधल्या फटीत गेली, पायरी अर्धी बाहेर येऊन थांबली. ना आत, ना बाहेर. वर बझर सुरू. आई दारात उभी, एक हात दाराला, एक हात सुनेच्या खांद्यावर. म्हणाली, "काहून रे, हे कायले लावली मंग? मी काही इथून उडी मारणार नाई बापा." शेवटी साळ्यानं आणि मी तिला खुर्चीसकट उतरवलं. परतताना ती अर्धी लोंबकळणारी पायरी धुऱ्याच्या दगडाला लागली आणि आतलं गिअर तुटलं. गिअर प्लास्टिकचं! गाडी तीन टनांच्या वरची, पायरीवर उभा राहणारा माणूस साठ-सत्तर किलोचा, आणि फिरवणारं चाक खेळण्यातलं.

नागपूरला बॉडीवाल्याला फोन केला. फोटो मागितले, पाठवले. व्हिडिओ मागितला, पाठवला. मग आठवडाभर शांतता. मग उत्तर: "भाऊ, हे ऑफरोडिंग झालं. वॉरंटीत नाही बसत." म्हटलं, दादा, बायकोच्या माहेरी जाणं ऑफरोडिंग कधीपासून झालं? म्हणे वॉरंटी कार्डावर "सामान्य रस्ता" लिहिलं आहे. आमच्या तालुक्यात हाच सामान्य रस्ता आहे, आणि गाडी घेताना पत्ता तुम्हीच लिहून घेतला होता. पूर्ण असेंब्ली बदलायचे 18,500 रुपये, वर गाडी नागपूरला आणून चार दिवस सोडायची. मी पैशाला पैसा जोडणारा माणूस आहे. 18,500 रुपयांत माझा खताचा निम्मा हप्ता निघतो.

दारव्ह्यात ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर आहे. त्यानं गाडी पाहिली, काही न बोलता टेप काढली. जमिनीपासून गाडीची फळी (आतला तळ) 25 इंच. विजेची पायरी उघडली की पहिलं पाऊल 14 इंच आणि दुसरं 11. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, म्हणजे विजेची पायरी चालू असतानाही आई दर पावलाला जिन्याच्या दोन पायऱ्या एका दमात चढत होती. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, तिनंही कधी सांगितलं नाही. वेल्डरनं अँगल आणि चेकर प्लेटचा तीन पायऱ्यांचा घडीचा जिना केला, बिजागरी ट्रॉलीच्या फाळक्याची, खाली रबराचे पाय. गाडी चालताना वर उचलून एका पिनेनं अडकवायचा. मोटर नाही, बझर नाही, निळा लाइट नाही. 2,200 रुपये, हातानं धरायच्या दांड्यांसकट.

दांड्यांचंही सांगतो, कारण कोणी सांगत नाही. बॉडीवाल्यांची दांडी दाराच्या आत, खांद्याच्या उंचीवर असते. ती आत शिरलेल्या माणसाच्या कामाची. गुडघा दुखणाऱ्या माणसाला आधार लागतो तो जमिनीवर उभं असताना, कमरेशी. म्हणून दांडी खालून सुरू झाली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना पाहिजे. फिजिओथेरपीवाले शिकवतात की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. त्यासाठी दोन्ही हातांना काहीतरी धरायला लागतंच. घडीचा स्टूल ठेवून भागवणारे पाहिले आहेत. चिखलात तो एका बाजूनं रुततो आणि माणूस दुसऱ्या बाजूला जातो.

आता बाकी गाडी.

सगळ्यात मोठा आनंद कूलरनं दिला, जो बॉडीवाल्याच्या यादीतच नव्हता. त्यानं एक टनाचा एसी बसवून दिला होता. हिशोब सोपा आहे: 12.8 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे भरलेली असताना अडीच युनिट. असा एसी तासाला साधारण एक युनिट ओढतो. म्हणजे मे महिन्यात रात्री दहाला लावला तर साडेबाराला अंधार. आपल्याकडे मे-जूनमध्ये रात्री अकरालाही भिंती गरम असतात. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या वाचकांना हे जास्त ठाऊक. मग मागच्या खिडकीत वाळ्याची ताटी लावलेला छोटा कूलर बसवला. वीज 70 वॅटच्या आसपास, म्हणजे पूर्ण रात्रीत अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर जमतो. कोकणात हाच डबा निरुपयोगी ठरेल. फक्त समोरची एक खिडकी उघडी ठेवायची, जाळी लावून. नाहीतर आत ओल साचते आणि अंथरूण दमट. जूनचा मृगाचा पाऊस पडला की कूलर उतरवून घरी ठेवायचा, मग पंखाच बरा.

बॅटरीबद्दल एक तक्रार होती, ती आता निम्मी झाली. मे महिन्यात दुपारी, टपावर ऊन मरणाचं, पॅनल झळकतंय, आणि चार्जिंग शून्य. बॅटरी खराब निघाली असंच वाटलं. कारण वेगळं होतं: लिथियम बॅटरीतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) ठराविक तापमानाच्या वर चार्जिंग बंद करतो, कंपनीनुसार 45 ते 60 अंशांच्या मध्ये कुठेतरी. बंद गाडीत, उन्हाच्या बाजूच्या सीटखाली, हवा नसलेल्या पेटीत बॅटरी ठेवली तर तिथे तेवढं तापमान होतंच. पेटी पलंगाखाली सावलीच्या बाजूला हलवली, दोन जाळ्या आणि संगणकातला छोटा पंखा लावला. त्यानंतर बंद पडलेली नाही. पॅनलही गरम झालं की कमी वीज देतं, 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के. त्यामुळे 400 वॅटच्या पॅनलकडून मे महिन्यात 400 ची अपेक्षा धरू नका. खरा भरवसा डीसी-टू-डीसी चार्जरचा: तीन तास गाडी चालली की इंजिनावरून एक युनिटाच्या वर भरतं.

फ्रिज विकायचा असं ठरलं होतं. 40 लिटरचा डबा, एवढे पैसे, आणि आत काय तर दह्याचं भांडं. मग मे महिन्यात शेगाव-लोणार केलं, आणि आईचं इन्सुलिन आठवलं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली बाहेर चालते, पण ती साधारण 25-30 अंशांपर्यंत; आपल्या मेमध्ये सावलीतही ते नाही. बर्फाच्या डब्यात ठेवायचं तर गोठायची भीती, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. फ्रिज 4 अंशांवर लावला, बाटली भिंतीला चिकटू न देता मधल्या टोपलीत ठेवली. फ्रिज राहिला.

पाण्याची टाकी 100 लिटर, म्हणजे 100 किलो, आणि ती मागच्या चाकाच्या मागे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हे कळतं. घाटाखाली टाकी पाव ठेवायची, वर पोचून भरायची. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक धरून ठेवायचा नाही. वास यायला लागला म्हणजे उशीर झाला. कूलरमुळे पाणी जास्त लागतं हे आहेच. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि शौचालय फुकट द्यायचा पंपचालकांना नियम आहे, पण 100 लिटर भरायचं असेल तर आधी डिझेल टाका, मग तोंड उघडा.

गॅसबाबत मात्र बॉडीवाल्याला माफी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर पसरतो. गळती ओळखणारा अलार्म यांनी लावला होता छताला! पायरीत निळा लाइट लावायला बरोबर डोकं चाललं. अलार्म खाली, फळीपासून वीतभर उंचीवर घ्या. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी थेट बाहेर उघडणारं भोक ठेवा. पंपावर मिळणारा पाच किलोचा सिलिंडर पुरतो, घरचा 14.2 किलोचा गाडीत नको. खरं सांगायचं तर आम्ही आत चहापलीकडे काही करत नाही. रोडगे बाहेर गोवऱ्यांवर होतात, आणि वांग्याची भाजी आत केली तर दोन दिवस पांघरुणांना वास.

संडासाचं नीट ठरवून घ्या, तो बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न आहे. 20 लिटरची कॅसेट (मैला साठणारी, बाहेर काढता येणारी टाकी), पाच माणसांनी फक्त रात्री वापरली तर दोन-तीन दिवस. ती सार्वजनिक शौचालयात रिकामी करायची, विचारून. नाल्यात किंवा कोणाच्या वावरात नाही. निळं केमिकल फॉर्मल्डिहाइडचं असेल तर ते घरच्या सेप्टिक टँकमध्येही ओतू नका, आतले जिवाणू मरतात. आई सुरुवातीला वापरायलाच तयार नव्हती, "झोपतो तिथंच?" म्हणून. मध्ये जाड पडदा आणि वर बाहेर हवा फेकणारा पंखा लावल्यावर तयार झाली.

मुक्कामाचं: राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. पण वीज, पाणी आणि मैला टाकायची सोय असलेला पार्क आमच्या वाटेवर एकही लागला नाही. त्यामुळे नातेवाइकांचं अंगण, ओळखीचं कापसाचं जिनिंग, नाहीतर रात्रभर चालू असणारा पंप. शेगावला गाडीत झोपू नका. संस्थानचं भक्त निवास स्वच्छ आणि स्वस्त आहे. गाडी पार्किंगला लावा आणि पाय पसरून झोपा. लोणारला सरोवराच्या वरच्या कडेलाच थांबलो. खाली विवरात उतरणं आईला जमणारं नव्हतं, ती खुर्ची टाकून वरून बघत बसली. पोट्टे उतरून घामाघूम होऊन आले. ताडोब्याला जायचं असेल तर मंगळवार सोडून. मंगळवारी बंद असतं. आणि सफारी तिथल्या जिप्सीतच, तुमची गाडी गेटाबाहेर.

कारंज्याहून समृद्धी महामार्गावर चढलो की मी ऐंशीच्या वर नेत नाही. मागून येणारे हॉर्न मारोत. तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर ही जोखीम आहे. जुन्या गाडीचे टायर नक्षी बघून घेऊ नका, बाजूला चार आकडी कोड असतो तो वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आमच्या दोन टायरांची नक्षी नवीनसारखी होती आणि कडेला बारीक भेगा. दोन्ही काढले. हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. दुपारी तपासून कमी केलेली हवा म्हणजे रात्री मऊ टायर.

आणि कागद. सीट काढून पलंग बसवला म्हणजे गाडीत बदल झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. बॉडीवाला "होऊन जाईल भाऊ" म्हणतो. शेवटचा हप्ता नोंद होईपर्यंत हातात ठेवा. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी आधी तेच विचारते.

मायलेज विचारणाऱ्यांसाठी: साध्या रस्त्यावर दहा-अकरा, घाटात आठ. आई आता कोणाच्या खांद्याचा आधार न घेता चढते, आणि चढून झालं की आतून ओरडते, "चाला आता, कोनाची वाट पाहून राहिले?" कोणाला विजेच्या पायरीची मोटर पाहिजे असेल तर माझ्याकडे आहे, चालू स्थितीत. गिअर तुमचं तुम्ही बघा.