सीपी2102 यूएसबी-सिरियल मॉड्यूल: दुरुस्तीच्या टेबलावरून

लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट आणि बोर्डाची सिरियल लाइन यांना जोडणारं हे मॉड्यूल नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोनशे रुपयांच्या आसपास मिळतं. ठिबकचे कंट्रोलर दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यामुळे लॅपटॉपला हे कायम लागलेलंच असतं. मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्या पोरांनी महागड्या किटच्या आधी हे घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

जोडणी तीन तारांची. मॉड्यूलचा टीएक्स (पाठवणारी पिन) बोर्डाच्या आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, आणि ग्राउंड दोघांचा एकच. क्लॉकची तार नाहीच. लाइन रिकामी असताना हाय असते. खाली आली की तो स्टार्ट बिट. मग आठ डेटा बिट, सगळ्यात कमी किमतीचा आधी, आणि शेवटी स्टॉप बिट. सेकंदाला 9600 बिट या वेगाला एकेक बिट 104 मायक्रोसेकंदांचा. घेणारी चिप स्टार्ट बिटच्या कडेपासून मोजायला लागते आणि प्रत्येक बिट मधोमध वाचते. दहाव्या बिटापर्यंत दोघांच्या घड्याळांत अर्ध्या बिटाचा फरक पडला, की अक्षर गेलं. दोन्हीकडची चूक मिळून पाचेक टक्क्यांना गाडी अडते. मी दोनच्या वर जाऊ देत नाही.

या मॉड्यूलची खरी किंमत उन्हाळ्यात कळते. काटोलकडच्या एका संत्राबागेतला कंट्रोलर आला होता. सकाळी नीट चालायचा, दुपारी पत्र्याचा डबा तापला की स्क्रीनवर नुसता कचरा. आत एटीमेगा328पी हा मायक्रोकंट्रोलर, बाहेरून क्रिस्टल (नेमकं घड्याळ देणारा भाग) न लावता चिपमधल्या 8 मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालवलेला. 9600 साठी वेग ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये 51 टाकला की हिशेबातली चूक फक्त 0.2 टक्के येते. पण ते आतलं घड्याळ कारखान्यातून येतानाच दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, आणि उष्णतेनं आणखी सरकतं. बोर्डाकडून सतत ‘यू’ हे अक्षर पाठवलं. त्याचे बिट एकाआड एक येतात, स्टार्ट-स्टॉप धरून सरळ चौकोनी लाट दिसते. ऑसिलोस्कोपवर एका पायरीची रुंदी मोजली, वर हीट गन धरली, आणि ती पायरी डोळ्यांदेखत सरकली. 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, 22 पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, चिपमधले फ्यूज बिट (घड्याळ कुठलं ते ठरवणारी सेटिंग) बदलले, रजिस्टरमध्ये 103. भर मे महिन्यातही अक्षरं स्वच्छ.

तक्रारी आहेत. 3.3 व्होल्टच्या पिनवर 100 मिलिअँपिअरच्या वर मागू नका. ईएसपी8266 ही वायफायची चिप घ्या, तो वायफाय सुरू करताना त्याहून बरंच जास्त ओढतो आणि रीसेट होत राहतो. त्याला वेगळा सप्लाय द्याच. पिनांची नावं काही बोर्डांवर मागच्या बाजूला छापलेली असतात, ब्रेडबोर्डवर लावलं की दिसतच नाहीत. मी वरून मार्करनं लिहून ठेवतो.

घेताना दुकानातच टीएक्स आणि आरएक्स एका जंपरनं जोडा, लॅपटॉपवर सिरियल टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडून दोनचार अक्षरं टाइप करा. जशीच्या तशी परत आली तरच पैसे द्या.